गायिका : कुमारी मंजुषा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी राजेश धुरीने एका अल्बमच्या गायिकेचं नाव बदललं. 'कुमारी मंजुषा' पुसलं आणि त्या जागी 'शेवंती गुणाजी धुरी' असं टाईप केलं. दहाही गाण्यांना तेच नाव लावलं, सेव्ह केलं आणि तो चहा घ्यायला खाली उतरला.

शेवंती ही त्याची आई.

ऑफिस साकीनाक्याला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या चौथ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यांत पत्रा कापणारी यंत्रं दिवसभर किंचाळत असत आणि वर वीसेक माणसं कानांवर हेडफोन लावून गप्प बसलेली असत. कंपनीने बंद पडलेल्या कॅसेट कंपन्यांची जुनी गाणी घाऊक विकत घेतली होती. त्यातली बरीच ॲपवर आधीपासून होती, पण कुणीतरी घाईघाईत चढवलेली. गायकाच्या जागी 'अज्ञात', अल्बमच्या जागी 'साइड ए', चित्राच्या जागी राखाडी चौकोन. राजेशने गाणं ऐकायचं, कॅसेटच्या डबीतल्या कागदाशी ताडून बघायचं आणि गायक, संगीत, गीत, साल, भाषा असं एकेक रकान्यात भरायचं. मग तो कागद स्कॅन होऊन प्रांजलकडे जाई. कॅसेटचं कव्हर उभट असतं आणि ॲपला चित्र चौकोनी लागतं, त्यामुळे प्रांजल वरून आणि खालून कापत असे. खालच्या बाजूला बहुतेक वेळा कोरसमधल्या बायकांची नावं असायची. ती जायची.

नियम एकच होता आणि तो विभागप्रमुख शर्मिष्ठा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितला होता : छापलंय तेच टाकायचं. शंका असली तरी, चूक दिसली तरी.

'घुमते फुगडी अंगणी' ही गौरीच्या गाण्यांची कॅसेट राजेशच्या वाट्याला आली हा निव्वळ योगायोग. कागदावर नथ घातलेल्या कुणा मुलीचा फोटो होता आणि खाली कुमारी मंजुषा. या नावाची गायिका कधीच नव्हती. घाटकोपरला असल्फ्यात, धुरी राहतात त्या चाळीत, गौरीच्या जागरणाला शेवंती गायची. तिचं गाणं ऐकून एका कॅसेटवाल्याने तिला अंधेरीच्या स्टुडिओत बोलावलं. गिरणी बंद पडून गुणाजी तेव्हा घरी बसलेला होता, त्याची ना नव्हती. पण कोकणातून सासऱ्याचा निरोप आला की सुनेने गायचं तर गावं, धुऱ्यांचं नाव बाजारात दोरीला टांगलेलं दिसता कामा नये. कॅसेटवाला हसला. म्हणाला, नावाचं काय, दुसरं घालू. शेवंतीला एक साडी मिळाली आणि दोन कॅसेटी.

पुढे दरवर्षी गणपतीत ती गाणी असल्फ्याच्या टेकडीवर वाजत राहिली. चाळीला ठाऊक होतं गातंय कोण. चाळीबाहेर कुणालाच नाही.

चार वर्षांपूर्वी शेवंतीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाजही गेला. आता ती बोलायची ते कुजबुजल्यासारखं, समोरच्याने कान जवळ नेला तरच कळणारं. कुणाला हाक मारायची तर पातेल्यावर डाव आपटायची. चाळीतली पोरं म्हणायची, "काकू सायलेंट मोडवर आहेत." ती हसायची. हसण्यालाही आवाज नव्हता.

म्हणून राजेशने नाव बदललं. गौरी यायच्या आधी तिच्या हातात फोन द्यायचा, गाणं लावायचं आणि काही बोलायचं नाही, एवढाच त्याचा बेत होता.

प्रांजलला त्याने आईचा एक फोटो दिला. शेजारच्या लग्नातला, नऊवारीतला.

"ही कोण रे?" प्रांजलने विचारलं.

"मंजुषा."

"चल. मंजुषा या कागदावर आहे, चमकीची टिकली लावून बसलीय."

"ती फोटो स्टुडिओतली कुणीतरी आहे. ही खरी."

प्रांजल त्याच्याकडे बघत राहिला. "तुझी आई ना? नाक सेम आहे." मग स्क्रीनकडे वळून म्हणाला, "काकू भारी दिसतायत यार. मागचा कूलर काढतो. पण शर्मिष्ठा मॅडमनी पकडलं तर मी म्हणणार, मला राजेशने दिलं."

"म्हण."

कुणी पकडलं नाही. गणपतीच्या तोंडावर भक्तिगीतांची गर्दी असते. मॅडमनी दोनशे अल्बमचा गठ्ठा एका दमात पास केला आणि गुरुवारी 'घुमते फुगडी अंगणी' नव्या नावानिशी, नव्या चित्रानिशी ॲपवर चढला.

त्या संध्याकाळी राजेश घरी आला तेव्हा शेवंती तांदूळ निवडत होती. त्याने फोन तिच्या मांडीवर ठेवला. गाणं सुरू झालं. ती आधी ऐकत राहिली, मग तिचं लक्ष चित्राकडे गेलं. तिने पदराने स्क्रीन पुसली, गाणं थांबलं, राजेशने परत लावून दिलं. नावाखालून तिने बोट फिरवलं.

"धुरी पण लिवलंस?"

"पूर्ण नाव लिहिलंय. बाबांच्या नावासकट."

गुणाजी खाटेवरून बोलला, "नाव इल्यान लायटीचा बिल कमी येतला काय?"

"तुम्ही गप बसा हो," राजेश म्हणाला. पण म्हातारा उठून फोनपाशी आला होता आणि डोळे बारीक करून वाचत होता.

शेवंतीने यादी खालपर्यंत सरकवली. मग राजेशला बोटाने जवळ बोलावलं. तो वाकला.

"धाय पण माझी म्हणान लिवलंस?"

"दहाच तर आहेत."

"शेवटची दोन माझी न्हयत."

"म्हणजे?"

"कुंदाची ती. दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलंयच नाय. तुका ताप इललो. ती कोरसात होती, तिनाच गायली." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "माका इचारलंस तरी काय?"

कुंदा तेली तेव्हा याच चाळीत राहायची. लग्न केलं नाही, साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, पुढे भावाकडे बोरिवलीला गेली आणि तिथेच वारली. चाळीतल्या ज्या म्हातारीकडून शेवंती गाणी शिकली तिच्याकडूनच कुंदाही शिकली होती. बाहेरच्याला दोघींचा आवाज वेगळा ओळखू आला नसता. राजेशला आला नव्हता. लहानपणापासून ही कॅसेट म्हणजे आई, अख्खीच्या अख्खी, असं तो धरून चालला होता.

"उद्या बदलतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ते त्याच्या हातात राहिलेलं नाही. एकदा वर चढलेल्या अल्बमला कुलूप लागतं. ते उघडायचं तर शर्मिष्ठा मॅडमना सांगायला हवं, आणि दोन गाण्यांचं सांगितलं की बाकीच्या आठांचंही सांगावं लागणार. त्याने ठरवलं, गणपती होऊन जाऊ देत. कोण बघतंय.

बोरिवलीत कुंदाचा भाऊ चंद्रप्रकाश बघत होता.

पुढच्या सोमवारी शर्मिष्ठा मॅडमनी राजेशला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर नऊवारीतली शेवंती होती.

"ही शेवंती धुरी कोण?"

राजेशने केबिनचं दार लोटून घेतलं.

"धुरी म्हणजे तुझ्या घरातलीच ना?"

"आई आहे."

"वा. मग उद्या मी एखाद्या लावणीवर माझ्या मावशीचं नाव टाकते. चालेल?"

"मॅडम, आवाज तिचाच आहे. दोन गाणी सोडली तर."

"दोन सोडली तर! म्हणजे त्यातही चुकलास?" त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि छापलंय काय?"

"छापलंय ते खोटं आहे. मंजुषा नावाची कुणी नव्हतीच."

"अर्ध्या कॅटलॉगवर खोटं छापलंय, राजेश. खोटं असलं तर असू दे, त्याची जबाबदारी छापणाऱ्यावर आहे. तू बदललंस की ती आपल्यावर येते. एवढं साधं आहे रे." त्यांचा आवाज खाली आला. "मंजुषा होती तोवर कुणाची तक्रार नव्हती. आता या माणसाचं म्हणणं आहे की सगळी गाणी त्याच्या बहिणीची. मी अल्बम उतरवलाय. तक्रार विभाग बघेल."

"मी परत मंजुषा टाकतो."

"वाद सुरू झालाय. आता कुणीच काही टाकू शकत नाही. आणि तुझे एडिटचे राइट्स मी काढलेत. सॉरी."

तक्रार विभाग दुसऱ्या शहरात होता. तिथल्या कुणाशी बोलता येत नसे, फक्त मेल येई. पहिल्याच मेलमध्ये दोन्ही दावेदारांना, म्हणजे अल्बमवर नाव असलेल्या शेवंतीला आणि तक्रार करणाऱ्या चंद्रप्रकाशला, सांगितलं होतं की गायिकेच्या आवाजाचा एक नमुना पाठवावा, दुसरीकडे कुठे केलेलं ध्वनिमुद्रण किंवा आता गायलेल्या चार ओळी. चंद्रप्रकाशकडे बोरिवलीच्या एका मंडळाच्या कार्यक्रमाची चित्रफीत होती, कुंदा त्यात चांगली पाच मिनिटं गात होती. धुऱ्यांच्या घरात शेवंतीचा आवाज त्या कॅसेटीखेरीज कुठेच नव्हता. लग्नामुंजीत ती गायली तेव्हा कुणाकडे फोन नव्हते. फोन आले तेव्हा कॅसेट आहेच म्हणून कुणी टिपून घेतलं नाही, आणि मग गळ्याची गाठ आली.

राजेशने मेल तिला दाखवला नाही. गुणाजीला दाखवला. गुणाजीने तो तिला सांगितला.

रविवारी दुपारी तिने पंखा बंद केला, गॅस बंद केला आणि चटईवर मांडी घालून बसली.

"आई, नको. उपयोग नाही."

तिने हात पुढे केला. राजेशने फोन दिला. तिने तो तोंडासमोर धरला, लाल बटण कुठलं ते त्याच्याकडून विचारून घेतलं आणि पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं म्हटलं. पूर्ण म्हटलं, मधले आलापही सोडले नाहीत. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, डोळे मिटलेले होते, उजवा हात मांडीवर ठेका धरत होता. गुणाजी दाराबाहेर बघत उभा राहिला. फोनमध्ये आला तो श्वास, गल्लीतल्या नळाचं पाणी आणि कुठेकुठे शब्दाचं शेवटचं अक्षर.

"झाला," ती म्हणाली. "धाड."

"ऑपरेशनची फाइल पण जोडतो."

पण जोडायला जागा नव्हती. एक आवाजाची फाइल टाकायची, त्याखाली 'पाठवा'. राजेशने वेगळा मेल लिहून डिस्चार्ज पेपर पाठवले. त्या मेलला कधी उत्तर आलं नाही. नमुन्याला बुधवारी आलं : दावेदार एक, आवाज जुळत नाही, दावा फेटाळला. दावेदार दोन, आवाज अल्बममधील गाण्यांशी जुळतो. जुळला होता तो शेवटच्या दोन गाण्यांशी, हे खाली बारीक अक्षरांत होतं. अल्बमला मुख्य गायिका एकच असते, त्यामुळे निकालही एकच होता.

शेवंतीने वाचून दाखवायला सांगितलं. राजेशने वाचलं. "बरोबर लिवल्यानी," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

शनिवारी राजेश बोरिवलीला गेला. चंद्रप्रकाश तेली रेल्वेतून निवृत्त झालेला, सत्तरीच्या जवळ आलेला, दुसऱ्या मजल्यावर बायकोबरोबर राहणारा माणूस निघाला. त्याने दार उघडलं, नाव ऐकलं आणि दारातच म्हणाला, "भांडायला आला असशील तर जिना तिकडे आहे."

"भांडायला नाही काका."

"मग बस. चहा घेणार?"

चहा आला.

"माझी नोकरी तेव्हा नागपूरला," चंद्रप्रकाश म्हणाला. "ताईने फोनवर सांगितलं होतं, माझी कॅसेट निघाली. नाव मंजुषा आहे पण मीच. आम्ही काय विचारणार? इतकी वर्षं गौरीत लावतोय. ताई गेली तरी लावतो. यंदा आधीच लावून बघितली तर तुझी आई! मी हिला म्हटलं, ही कोण बया?"

"अहो," आतून बायको म्हणाली.

"बया म्हणजे... तसं नाही."

"शेवटची दोन त्यांची आहेत," राजेश म्हणाला. "बाकीची आठ आईची."

"असं कोण म्हणतं?"

"आई म्हणते."

"आणि माझी ताई म्हणायची सगळी. आता तिला विचारायला कुठे जाऊ? तुझ्या आईला सांग ना, चार ओळी गाऊन दाखव म्हणावं."

राजेशने फोन काढला आणि रविवारी दुपारी घेतलेला नमुना लावला. चंद्रप्रकाश पुढे झुकला, मग त्याने फोन उचलून कानाला लावला. संपल्यावर विचारलं, "काय झालं यांना?" राजेशने सांगितलं. त्याने पुन्हा एकदा ऐकलं.

मग राजेशने आपल्याकडे उतरवून घेतलेली कॅसेटची गाणी लावली. आधी नववं, मग दहावं, मग पहिलं. पहिल्याच्या दुसऱ्या ओळीला चंद्रप्रकाशने हात वर केला.

"थांबव. ताई ओळ तोडून श्वास घ्यायची. दम्याचा त्रास होता तिला, लहानपणापासून. ही बाई तोडतच नाही." त्याने चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. "इतक्या वेळा ऐकलंय. ताईचंच आहे म्हणूनच ऐकलं ना, दुसरं काही ऐकूच आलं नाही."

आतून बायको बाहेर येऊन उभी राहिली होती. "मग द्या ना त्यांचं त्यांना," ती म्हणाली.

तिथेच बसून दोघांनी मेल लिहिला : आठ गाणी शेवंती धुरी, दोन गाणी कुंदा तेली, दोन्ही कुटुंबांची संमती आहे. चंद्रप्रकाशने इंग्रजी दोनदा तपासलं. निघताना त्याने राजेशच्या हातात आंब्याच्या वड्यांचा डबा दिला. "आईला दे. ताईने त्यांचं नाव घेतलं होतं कधीतरी, आत्ता आठवतंय. शेवंती कोरसला होती, म्हणायची."

राजेशने ते घरी सांगितलं नाही. वड्या दिल्या.

उत्तर तीन ओळींचं आलं. फेटाळलेल्या दावेदारास संयुक्त दाव्यात सहभागी होता येत नाही. निकालानुसार अल्बम पुन्हा उपलब्ध करण्यात येत आहे. दावेदाराने कव्हरसाठी छायाचित्र आधीच दिलेलं आहे.

ते छायाचित्र चंद्रप्रकाशने पहिल्या तक्रारीबरोबर पाठवलं होतं, कुंदाच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचं. प्रांजलच्याच टेबलावर ते आलं. त्याने राजेशला बोलावून विचारलं, "करू का?"

"तू नाही केलंस तर दुसरा करेल."

"मी करतो. नीट तरी होईल." त्याने शिक्क्याची निळी शाई गालावरून काळजीपूर्वक पुसली.

गौरी आल्या. पूजनाच्या दिवशी संध्याकाळी चाळीतल्या बायका गार्गीच्या खोलीत जमल्या. गार्गी यंदाच लग्न होऊन आलेली, उत्साही, नवा स्पीकर तिच्या माहेरून आलेला. "शेवंतीकाकूंची गाणी लावू ना!" ती म्हणाली आणि तिने ॲपवर शोधलं. गाणं सुरू झालं. बायकांनी पदर खोचले. पहिल्या फेरातच खोली दणाणली.

गार्गी फोन हातात घेऊन शेवंतीजवळ आली. "काकू, हे दुसऱ्याच कुणाचं नाव येतंय. कुंदा तेली. कोण या?"

राजेश दारात उभा होता. आईचे ओठ हललेले त्याला दिसले, गार्गी वाकलेली दिसली. स्पीकरच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

"काय म्हणालात?" गार्गी ओरडून म्हणाली.

शेवंतीने पुन्हा सांगितलं. गार्गीने मान डोलावली, पण तिला कळलेलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात कुणीतरी तिला फुगडीला ओढून नेलं. शेवंती भिंतीला टेकून बसली. गाणं तिचं होतं, चौथं. ती टाळ्या वाजवत होती.

घरी येताना राजेशने विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"कुंदा बरी गायची म्हणान."

"आई, आपलं चाललंय अजून. चंद्रप्रकाशकाकांनी परत लिहिलंय."

"लिवूदे," ती म्हणाली आणि जिना चढताना कठडा धरला.

चंद्रप्रकाशने खरंच परत लिहिलं होतं, या वेळी एकट्याच्या नावाने : पहिली आठ गाणी माझ्या बहिणीची नाहीत, त्यांवरून तिचं नाव काढावं. शर्मिष्ठा मॅडमनी राजेशला सांगितलं की गाण्यागणिक दावा मागे घेता येत नाही, घेतला तर पूर्ण अल्बमचा. मग अल्बम गायिकेविना राहील, आणि गायिकेविना अल्बम ॲप ठेवत नाही. राजेशने हे फोन करून बोरिवलीला कळवलं. चंद्रप्रकाशने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मी मागे घेतलं तर दोघीही जाणार. नाही घेतलं तर मी चोर. तूच सांग काय करू."

चंद्रप्रकाशने नाव काढण्याचा अर्ज मागे घेतला नाही, मूळ दावाही नाही. अर्जाची पोच त्याला त्याच दिवशी मिळाली. अनंत चतुर्दशीपर्यंत त्यापुढे काही आलेलं नव्हतं. अल्बम ॲपवर आहे, दहाही गाणी कुंदा तेली यांच्या नावावर.